दहावीसाठी ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम : जीवशास्त्र आणि इतिहासाला तुम्ही काय वापरता?

नगरची_लेक | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. माहेर नगरचं, ख्रिस्ती घर, माझी लेक पाचवी पिढी. ती सातवीपासून घरीच शिकते. येत्या ऑगस्टात दहावी, इकडच्या भाषेत सोफमोर.

सातवी-आठवीत काही अडलं नाही. न्याहारीनंतर शास्त्रवाचन आणि प्रार्थना, मग गणित, दुपारी वाचन-लेखन, अशी घडी बसली होती. नववीपासून मात्र प्रत्येक विषयाचे तास मोजायचे, क्रेडिट लिहायचं, कॉलेजला जाणारं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा उतारा, आपणच तयार करायचं. दहावीत चुकलं तर सावरायला वेळ कमी, म्हणून आत्ताच विचारतेय.

कायद्याची अडचण नाही. १९९४च्या लीपर खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच असं मान्य केलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि सुजाण नागरिकत्व, एवढे पाच विषय छापील किंवा पडद्यावरच्या अभ्यासक्रमातून प्रामाणिकपणे शिकवले की झालं. विज्ञान त्या यादीत नाहीच. म्हणजे जीवशास्त्र कसं शिकवायचं हा प्रश्न सगळा आईबापांच्या पदरात.

अबेका आणि बीजेयू प्रेस या ख्रिस्ती प्रकाशनांचे संच पाहिले, सगळे विषय एका खोक्यात येतात. विज्ञानाला अपोलोजिया पाहिलं. माय फादर्स वर्ल्डमध्ये दहावीला जगाचा इतिहास, साहित्य आणि पवित्र शास्त्र एकत्र गुंफलंय, ते मनात भरलंय. पण माझ्या दोन गाठी सुटत नाहीयेत.

पहिली, जीवशास्त्र. लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. मी पाहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत सृष्टी सहा दिवसांत आणि काही हजार वर्षांपूर्वी झाली हे गृहीत धरलंय, उत्क्रांतीचा धडा येतो तो खोडून काढण्यापुरता.

दुसरी, इतिहास. एका प्रकाशनाचं पुस्तक (नाव घेत नाही) मैत्रिणीकडून चाळायला आणलं. त्यात भारताला अडीच पानं. जात, सती, विधवा, मूर्ती, आणि मग बोटीतून उतरणारे मिशनरी. लेकीने ती पानं वाचली, परत उलटून पाहिली आणि विचारलं, "आई, यात पणजी कुठाय?"

माझी आजी मिशनच्या शाळेत बाई होती. नऊवारी नेसायची, भाकरी थापताना ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची. तिचं ख्रिस्ती असणं कुठे संपतं आणि मराठी असणं कुठे सुरू होतं, ते कुणाला सांगता आलं नसतं. त्या अडीच पानांत तिला जागाच नव्हती.

विश्वास वगळलेला अभ्यासक्रम मला नकोय, हे आधीच सांगते. पण लेकीला अर्धवट माहितीवर उभंही करायचं नाहीये. तुम्ही कसं केलंत?

खारी_बिस्किट | रविवार, रात्री ९:४१

ताई, आम्ही हिंदू, न्यू जर्सीत. मुलगा दहावी घरी करून आता अकरावीत आहे. अभ्यासक्रम आमचा निधर्मी, त्यामुळे पुस्तकांबद्दल सांगण्यासारखं कमी. एक अनुभव मात्र सांगते. इकडच्या को-ऑपमध्ये, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांच्या गटात, नाव घालायला गेले तर पहिल्याच पानावर विश्वासाचं निवेदन, त्यावर आईबापांची सही हवी. मी सही करू शकत नव्हते. परत आले, गाडीत बसून रडले. आठवड्याभराने त्याच को-ऑपमधल्या दोन आयांचा फोन आला : "प्रयोगशाळा आमच्या गॅरेजमध्ये करू, मुलाला घेऊन ये." वर्षभर दर गुरुवारी गेलो. त्या प्रार्थना करायच्या, आम्ही शांत उभे राहायचो, मग सूक्ष्मदर्शक निघायचे.

तुम्ही को-ऑप शोधत असाल तर ते निवेदन नीट वाचा. काही ठिकाणी पृथ्वीचं वयसुद्धा लिहिलेलं असतं.

वसईकर | रविवार, रात्री १०:१५

आम्ही पेनसिल्व्हेनियात, मूळ वसईचे, कॅथलिक. थोरलीने दहावी सेटनमधून केली. व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलहून चालणारी कॅथलिक घरशाळा आहे ही. आठवड्यागणिक पाठ आखून येतात, पेपर ते तपासतात, ट्रान्सक्रिप्टही तेच देतात. नोकरी करणाऱ्या आईबापांना हा मोठा आधार.

आमच्या राज्यात तुमच्यासारखं मोकळं रान नाही. नोटरी केलेलं शपथपत्र, वर्षाला १८० दिवस किंवा हायस्कूलला ९९० तास, कामाची फाइल, आणि शेवटी मूल्यमापकाची सही. पहिल्या वर्षी जाच वाटला. आता वाटतं त्या फाइलीमुळेच घराला शिस्त लागली.

उत्क्रांतीबद्दल एक सांगतो. मानवी देहाचा उगम आधीच्या जिवांतून झाला का, याच्या अभ्यासाला बाराव्या पायस पोपनी १९५०मध्येच वाट मोकळी ठेवली; आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो, एवढी अट घातली. १९९६मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की हा सिद्धांत आता केवळ गृहीतक राहिलेला नाही. म्हणजे श्रद्धा असली की डार्विन बाहेर, असं सगळ्या ख्रिस्ती परंपरांत नाही. लेकीला हे जरूर सांगा.

थेट_प्रश्न | रविवार, रात्री १०:५२

मला मुळातच पटत नाही. जीवशास्त्राला धर्म कशाला लागतो? भूमितीचं ख्रिस्ती पुस्तक आणि हिंदू पुस्तक वेगळं असतं का? मूल पंधरा-सोळा वर्षांचं, स्वतःचा विचार करण्याच्या वयात, आणि आपण त्याच्या हातात उत्तर आधीच ठरलेलं पुस्तक देतो.

नुसतं मत नाही, याचा फटकाही बसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने काही ख्रिस्ती प्रकाशनांची पुस्तकं मुख्य पाठ्यपुस्तक म्हणून वापरणारे कोर्स प्रवेशासाठी नाकारले होते, जीवशास्त्राचेही. ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने २००५मध्ये खटला भरला, २००८मध्ये हरले, २०१०मध्ये अपिलातही हरले.

केडगाव_एक्सप्रेस | रविवार, रात्री ११:३०

@थेट_प्रश्न, तो निकाल पुढेही वाचा. त्याच विद्यापीठाने धार्मिक दृष्टिकोन असलेले कितीतरी कोर्स मान्य केलेले होते, हेही न्यायालयात नोंदलं गेलं. धर्म आहे म्हणून नाकारलं नाही, विषय पुरेसा येत नाही म्हणून नाकारलं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मी स्वतः सहा दिवसांच्या निर्मितीवर विश्वास ठेवतो, आणि इथे तो मोकळेपणी सांगतो. दोन्ही मुलं घरी शिकली. थोरल्याने दहावीला अपोलोजियाचं जीवशास्त्र केलं, आज तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे. उत्तर ठरलेलं पुस्तक म्हणता, तर शाळेच्या पुस्तकात उत्तर ठरलेलं नसतं का? आमचं पुस्तक निदान पहिल्या धड्यातच सांगतं की आम्ही कुठे उभे आहोत.

मुलाला काय शिकवायचं हा आईबापांचा हक्क अमेरिकेने जपलाय. १९२५च्या पिअर्स निकालात न्यायालयाने म्हटलं की मूल हे राज्याची निव्वळ निर्मिती नव्हे. १९७२मध्ये योडर खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आठवीपुढे शाळेची सक्ती करता येणार नाही असं ठरलं. त्या लोकांनी झगडून मिळवलेल्या जागेत आज आपण सगळे उभे आहोत, निधर्मी पालकसुद्धा.

ताई, तुमच्या आजीबद्दल वाचून गहिवरलो. आमची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली.

पेशीवाला | सोमवार, सकाळी ७:०५

मी टेक्सासमध्येच कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. ड्युअल क्रेडिटला (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा कोर्स) येणारी घरशाळेची मुलं दर सत्रात माझ्या वर्गात असतात, म्हणून लिहितोय.

ही मुलं वाचून येतात. प्रश्न विचारायला लाजत नाहीत. वेळेवर काम देतात. प्रयोगाची वही त्यांच्याइतकी नीट फार थोडे लिहितात. हे मनापासून सांगतो.

अडतात ती एकाच ठिकाणी, आणि ती जागा उत्क्रांतीचा धडा नाही, त्याच्या बरीच आधी येते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू कसे तयार होतात, हे मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विचारतो. एका मुलीने मला सांगितलं, "सर, औषधामुळे जिवाणू बदलतात." मी म्हटलं, नाही, वेगळे जिवाणू आधीच तिथे असतात, औषधाने बाकीचे मेले की हेच उरतात आणि वाढतात. ती बराच वेळ फळ्याकडे बघत बसली. तिला निवड ही कल्पनाच कुणी सांगितलेली नव्हती, कारण पुस्तकात तो शब्द फक्त खोडून काढायच्या धड्यात होता. जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला गोठ्यात पहिल्या दिवसापासून हेच लागणार आहे.

आकड्यात सांगायचं तर, एपी बायोलॉजीच्या (हायस्कुलात घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) परीक्षेत नैसर्गिक निवडीचं एकक १३ ते २० टक्के धरलेलं आहे, आणि उत्क्रांती हा त्या अभ्यासक्रमाच्या चार मूळ सूत्रांपैकी एक.

नगरची_लेक, तुम्हाला विश्वास सोडायची गरज नाही. केनेथ मिलर हे ब्राउन विद्यापीठातले कॅथलिक जीवशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या हायस्कुलांत गाजलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे एक लेखक. पेनसिल्व्हेनियात २००५मध्ये शाळेत उत्क्रांती कशी शिकवायची यावरून डोव्हरचा खटला चालला तेव्हा उत्क्रांती शिकवण्याच्या बाजूने पहिली साक्ष याच माणसाची. फ्रान्सिस कॉलिन्स यांनी मानवी जनुकांच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं, ते उपासक ख्रिस्ती, आणि २००७मध्ये त्यांनी बायोलोगोस ही संस्था काढली. ख्रिस्ती हायस्कूल आणि घरशाळांसाठी जीवशास्त्राला जोडून घ्यायचं साहित्य त्या संस्थेने केलंय. मुख्य पुस्तक म्हणून ओपनस्टॅक्स बघा, तुमच्याच गावच्या राइस विद्यापीठाचं आहे, फुकट आहे.

नगरची_लेक | सोमवार, सकाळी ८:२०

पेशीवाला सर, जिवाणूंचं उदाहरण लेकीला न्याहारीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर म्हणतात औषधाचा कोर्स पुरा करा, ते यासाठी?" धडा सुरू झालाच म्हणायचा.

थेट_प्रश्न, तुमचा राग कळतो. पण माझ्यासाठी विश्वास हा वेळापत्रकातला आठवा तास नाही. मूल जग बघतं ते कुठेतरी उभं राहूनच बघतं. ती जागा तिच्या पायाखाली पक्की असावी एवढीच माझी धडपड आहे. खिडक्या बंद करायच्या नाहीयेत.

केडगाव_एक्सप्रेस, तुमचं सगळं पटलं नाही, पण शांतपणे लिहिलंत त्याबद्दल आभार.

कोथरूडचे_काका | सोमवार, दुपारी १२:४५

दहावी म्हणजे बोर्डाचं वर्ष समजून धागा उघडला. नातवाची एसएससी नुकतीच झाली, त्यामुळे घरात त्या शब्दाचा धसका आहे. तुमच्याकडे बोर्डच नाही हे वाचून नातू म्हणतो, "आजोबा, आपण ह्यूस्टनला जाऊ."

प्रश्न असा, उद्या परत यायचं झालं तर? इथे घरी शिकणारी बरीच मुलं एनआयओएसमधून दहावी-बारावी देतात, राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून १९८९पासून सुरू आहे.

खारी_बिस्किट | सोमवार, दुपारी १:१०

काका, :D नातवाला सांगा, बोर्ड नसलं तरी आई परीक्षक असते, आणि ती पुनर्मूल्यांकन करत नाही.

परत यायची शक्यता असेल तर समकक्षतेची चौकशी आधी करावी हे खरं. आईने सही केलेल्या डिप्लोमावर भारतात प्रवेश मिळेल असं धरून चालू नये. आम्ही म्हणूनच एपीच्या परीक्षा देतोय, बाहेरच्या कुणाचा तरी शिक्का हाताशी असावा.

भरली_वांगी | सोमवार, दुपारी ३:३०

चर्चा गंभीर चाललीय पण मला प्रयोगशाळेबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

मागच्या वर्षी मुलाच्या जीवशास्त्राचा संच आला. गांडूळ, बेडूक, मेंढीचं हृदय, प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद. त्याच आठवड्यात सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, शुद्ध शाकाहारी, माळकरी. स्वयंपाकघरातल्या बेटावर वर्तमानपत्र पसरलं, खिडक्या उघडल्या, पिशवी कापली आणि तो वास घरभर. मला वाटलं त्या आता खोलीत जाऊन दार लावून घेणार. त्या पदर नाकाला लावून खुर्ची ओढून बसल्या. मुलाने हृदय उभं कापलं, आतल्या झडपा चिमट्याने उचलून दाखवल्या, पांढऱ्या दोऱ्यांसारखे तंतू लोंबत होते. म्हणाला, "आजी, हे तुटले की झडप उलटी फिरते." सासूबाईंच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांनी वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "माझं कुठलं बिघडलेलं?" त्याने बोट ठेवून दाखवलं.

तेव्हा नगरची_लेक, पुस्तक कुठलंही घ्या, प्रयोग सोडू नका. नुसते व्हिडिओ पाहून भागवू नका.

वसईकर | सोमवार, दुपारी ४:०२

वाह. वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

(बेडूक मात्र फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवू नका. आमच्याकडे झालंय. त्या संध्याकाळी पिझ्झा मागवला.)

जुने_कागद | सोमवार, रात्री ८:५०

इतिहासाच्या गाठीकडे कुणी वळलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या अडीच पानांना उत्तर म्हणून मुलीला वाद घालायला शिकवू नका. तिच्या हातात कागद द्या. मराठी ख्रिस्ती इतिहास इतका भरगच्च आहे की अर्ध्या क्रेडिटचा स्वतंत्र कोर्स सहज उभा राहील.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि मराठी शिकला. त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली, सुमारे ११ हजार ओव्या. १६१६मध्ये राशोलला ते ख्रिस्तपुराण छापलं, तेही रोमन लिपीत. लेकीला विचारायला लावा, परदेशी माणसाने पुराण हा शब्द आणि ओवी हा छंद का निवडला असेल? या एका प्रश्नावर चार पानांचा निबंध होतो.

मग तुमचं नगर. अमेरिकन मराठी मिशन १८१३मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढे नगर त्याचं मोठं केंद्र. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२मध्ये नगरहून निघालं. सिंथिया फरार ही एकटी बाई अमेरिकेहून येऊन मुलींच्या शाळा चालवत होती. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याच नगरच्या संस्थेत. ज्या पुस्तकात मिशनरी येतात आणि देशी माणसं फक्त घेतात, तिथे ही गोष्ट ठेवून बघा. बाईंनी घेतलं आणि त्यातून स्वतःचं काहीतरी मोठं उभं केलं.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृत शास्त्रांत पारंगत, १८८३मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, पण तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी काय मानायचं ते सांगितलं की उलट प्रश्न विचारायच्या. अमेरिकेत फिरून विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. केडगावला आश्रम काढला, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्याची छपाई आश्रमातल्या बायकांनी केली. १९२२मध्ये त्या गेल्या, बायबल पूर्ण छापून आलं त्यानंतर. विश्वास आणि प्रश्न एकाच बाईत कसे नांदतात याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. या धाग्यावर ज्यावरून वाद चाललाय, ते ती बाई जगलीय.

नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि अभंग लिहीतच राहिले. ते तर तुमच्या आजीच्या तोंडी होतेच.

केडगाव_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:२५

जुने_कागद, माझी आजी त्या छापखान्याबद्दल सांगायची. तिच्या आधीच्या मुलींनी खिळे जुळवलेले, शाई नखांतून आठवडाभर निघायची नाही म्हणे. मी हे माझ्या मुलांना कधी शिकवलंच नाही. दोघांना इंग्लंड-जर्मनीतली धर्मसुधारणा तोंडपाठ आहे, केडगाव नाही. तुमची यादी उतरवून घेतली.

दुसरी_पिढी | मंगळवार, पहाटे २:१४

मराठी टायपिंग हळू आहे, चुका असतील तर समजून घ्या. मी २० वर्षांची, जॉर्जियात वाढले, पहिलीपासून बारावीपर्यंत घरी, सगळं एकाच ख्रिस्ती संचातून. आई-बाबा सोलापूरचे. आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे.

मला जे मिळालं ते आधी सांगते. मला लिहिता येतं. अख्खी स्तोत्रं पाठ आहेत, परीक्षेच्या रात्री झोप लागत नाही तेव्हा तीच म्हणते. आई रोज शेजारी बसायची, इतका वेळ कुठल्या मुलाला मिळतो?

जे नाही मिळालं ते पण सांगते. कॉलेजच्या पहिल्या सत्रात प्राध्यापकांनी जीवाश्मांचे फोटो दाखवले. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं की असे मधले जीवाश्म नसतातच. माझ्या समोर पडद्यावर होते. त्या रात्री मला उत्क्रांतीबद्दल प्रश्न पडला नाही. मला वाटलं, हे लपवलं, तर अजून काय लपवलंय? येशूबद्दल पण? सहा महिने चर्चला गेले नाही आणि आईला कारण सांगितलं नाही.

परत आले ती आजीमुळे. सोलापूरला गेले होते, तिला सगळं सांगितलं. तिने भांडणच केलं नाही. म्हणाली, "बाळा, देवाला तुझ्या पुस्तकाचं ओझं नाही होत."

काकू, तुमच्या मुलीला काय खरं वाटायचं ते तिला वाटू द्या, पण दोन्ही बाजू तुमच्याच टेबलावर, तुमच्यासमोर वाचू द्या. मला ते पहिल्यांदा अनोळखी हॉलमध्ये ३०० मुलांत बसून वाचावं लागलं.

थेट_प्रश्न | मंगळवार, सकाळी ९:००

दुसरी_पिढी, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मी परवा ज्या सुरात लिहिलं ते लिहायला नको होतं. पुस्तक श्रद्धेचं आहे की नाही, यापेक्षा घरात ते कसं वाचलं जातं हे मोठं आहे, हे तुझ्यामुळे दिसलं. उत्क्रांती नीट शिकवली पाहिजे हे मत मात्र कायम आहे.

पेशीवाला | मंगळवार, सकाळी ९:३५

+१. आणि बाळ, तुझं मराठी छान आहे.

भाकरी_पुराण | मंगळवार, सकाळी ११:२०

ट्रान्सक्रिप्टचं राहिलंच की. तीन मुलांची केली आहेत, घाईत लिहिते.

एक क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. तासांची नोंद आठवड्याला करा, वर्षाच्या शेवटी आठवून लिहू नका. प्रत्येक कोर्सचं अर्धं पान वर्णन आत्ताच लिहून ठेवा : पुस्तक कोणतं, प्रयोग किती, निबंध कोणते. बारावीत काही आठवत नाही.

दहावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी (कॉलेज प्रवेशाच्या एसएटीची पूर्वपरीक्षा) देता येते. जवळच्या हायस्कूलला उन्हाळ्यातच फोन करा, बाहेरच्या मुलांच्या जागा कमी असतात. मेरिट शिष्यवृत्तीसाठी गुण धरतात ते अकरावीचे, दहावीची सरावाला. एपीची परीक्षा मे महिन्यात, पण नोंदणी शरद ऋतूतच करावी लागते. आणि ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून कोर्सची रूपरेषा मंजूर केलेली नसेल तर ट्रान्सक्रिप्टवर "एपी" लिहू नका. परीक्षा देता येते, नाव लावता येत नाही.

शेवटचं, दहावीनंतर सरकारी शाळेत घालायचा विचार असेल तर आत्ताच तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टला विचारा. घरची क्रेडिट मानायची की नाही ते त्यांच्या हातात असतं, बऱ्याचदा परीक्षा द्यायला लावतात. टेक्सासमध्ये हायस्कूल पूर्ण करायला राज्य परीक्षा द्याव्या लागतात, त्यात जीवशास्त्र आहे.

नगरची_लेक | गुरुवार, रात्री १०:०५

तीन दिवस लिहिलं नाही, पण प्रत्येक ओळ वाचली. आम्ही तिघं काल रात्री टेबलावर बसलो आणि ठरवलं.

एकच खोकं घेत नाही आहोत. साहित्य, शास्त्र आणि जगाचा इतिहास माय फादर्स वर्ल्डचं, गणित आहे तेच. जीवशास्त्राला ओपनस्टॅक्स मुख्य, सोबत बायोलोगोसचं साहित्य. आणि केडगाव_एक्सप्रेस, अपोलोजियाचं पुस्तकही घेतलंय. लेकीनेच मागितलं. म्हणाली, "त्या काकांचं म्हणणं मी त्यांच्याच पुस्तकातून वाचते." एकाच विषयावरचे दोन्हीकडचे धडे एका आठवड्यात, शुक्रवारी जेवताना चर्चा. नवऱ्याला तुमचंच मत जास्त पटतं, त्यामुळे शुक्रवार रंगणार.

मराठी ख्रिस्ती इतिहासाचा अर्ध्या क्रेडिटचा कोर्स जानेवारीपासून. जुने_कागद, तुमची यादी फ्रिजवर लावलीय. काल नगरला मावशीला फोन केला, आजीचं काही उरलंय का म्हणून. मावशीने पत्र्याच्या पेटीतून तिचं भजनांचं पुस्तक काढलं, मलपृष्ठ गेलेलं, पानांच्या कडेला पेन्सिलीने शाळेतल्या मुलींची हजेरी लिहिलेली. फोनच्या कॅमेऱ्यासमोर एकेक पान उलटत होती. लेकीने नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अडखळत, मावशी उच्चार सुधारत होती. सतरा नावं झाली. पहिल्या निबंधाचा विषय तिने स्वतःच ठरवलाय, या मुली कोण होत्या.

दुसरी_पिढी, तुझा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला. तिला तुझ्याशी बोलायचंय. तुला चालणार असेल तर मला निरोप पाठव.

आता एक शेवटची मदत. सूक्ष्मदर्शक कुठला घेऊ? ४०० पट पुरे की १००० पट हवाच?

पेशीवाला | गुरुवार, रात्री १०:४०

हायस्कूलला ४०० पट पुरे, कांद्याची साल, गालातल्या पेशी, तळ्यातलं पाणी सगळं दिसतं. १००० पटीला तेल लावावं लागतं, नवशिक्या हातांनी काचा फुटतात. पण तिला जिवाणू बघायचे असतील, आणि मला वाटतं ती ते मागणारच, तर तेलाच्या भिंगाचा घ्या. वापरलेला, कॉलेजातून निघालेला मिळाला तर उत्तम. उद्या आमच्या विभागात विचारून सांगतो.